बॅलेचे बिऱ्हाड पाठीवर

१९१७ साली पेरूची राजधानी लिमा येथील म्युनिसिपल थिएटरात तेरा वर्षांचा एक इंग्रज मुलगा बॅले पाहायला गेला. दक्षिण अमेरिकेत नोकरीधंद्यासाठी स्थायिक झालेल्या कुटुंबातला हा मुलगा. नृत्याशी घरात कुणाचाही संबंध नव्हता. त्या संध्याकाळी रंगमंचावर आलेली सडपातळ, लांब मानेची रशियन नर्तकी त्याने पाहिली आणि आपण आयुष्यात काय करायचे हे त्याचे जवळपास ठरूनच गेले. पुढे तो सर फ्रेडरिक अ‍ॅश्टन या नावाने ओळखला गेला. ब्रिटनच्या रॉयल बॅलेची शैली घडविणारा, विसाव्या शतकातील अग्रगण्य नृत्यरचनाकार. आणि त्या संध्याकाळची नर्तकी होती अ‍ॅना पावलोव्हा.

रशियन सम्राटाच्या नाट्यगृहातील ही पहिल्या श्रेणीची नर्तकी लिमापर्यंत पोहोचली कशी आणि का, याची कथा म्हणजेच तिचे चरित्र.

अ‍ॅनाचा जन्म १२ फेब्रुवारी १८८१ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. दिवस पूर्ण भरण्याआधीच जन्मलेले हे मूल इतके अशक्त होते की ते जगेल की नाही याचीच चिंता होती. आई ल्युबोव्ह कपडे धुण्याचे काम करीत असे. वडील आपण दोन वर्षांच्या असतानाच वारले, असे अ‍ॅना सांगत असे. त्याविषयी चरित्रकारांनी बरेच तर्क लढविले, पण तिने त्यापलीकडे कधी फारसे सांगितले नाही. शहराजवळच्या लिगोवो या खेड्यात आजीपाशी तिचे बालपण गेले.

घरात चैनीला जागा नव्हती. तरीही ती आठ वर्षांची असताना नाताळच्या सुमारास आईने काटकसरीतून पैसे काढून तिला मारिन्स्की थिएटरात नेले. मारियस पेतिपाने रचलेला आणि चायकोव्हस्कीचे संगीत लाभलेला स्लीपिंग ब्यूटी हा बॅले १८९० च्या जानेवारीत तेथे नव्याने आला होता. निद्रिस्त राजकन्या, दुष्ट परी, शंभर वर्षांची झोप आणि राजपुत्र. गोष्ट जगातल्या प्रत्येक आजीला ठाऊक असलेली, पण तिचा थाट मात्र शाही. दुसऱ्या अंकात मुलामुलींचा एक घोळका वॉल्ट्झ नाचू लागला तेव्हा आईने विचारले, तुलाही असे नाचायला आवडेल का? अ‍ॅनाने मान हलवून सांगितले की तिला घोळक्यात नाचायचे नाही, ती राजकन्या होणार.

शाही बॅलेशाळेने पहिल्या खेपेला तिला वय आणि प्रकृती पाहून परत पाठविले. १८९१ मध्ये, दहाव्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला. तेथेही सारे सोपे नव्हते. तेव्हाची आदर्श बॅले नर्तकी म्हणजे बांधेसूद, दणकट पायांची, एका पायावर गिरक्यांमागून गिरक्या घेणारी. इटलीहून आलेल्या नर्तिकांनी हा कसरतीचा मापदंड घालून दिला होता. अ‍ॅना मात्र काडीसारखी. तिचे हातपाय लांब आणि बारीक, तळपायाची कमान नको इतकी उंच. सोबतच्या मुली तिला केरसुणी म्हणून चिडवीत. आपल्यात जे नाही ते कमावण्यासाठी ती ताकदीचे प्रकार घोटत राहिली, तेव्हा पावेल गेर्ड्ट या शिक्षकाने तिला रोखले. कसरती इतरांना करू दे, तुझ्या नाजूकपणातच तुझे वेगळेपण आहे, अशा अर्थाचे त्याचे सांगणे होते. सल्ला मोलाचा खरा, पण तिने तो अर्धाच मानला. नंतर कित्येक वर्षे एन्रिको चेकेत्ती या इटालियन गुरूकडे ती तंत्राचे धडे गिरवत राहिली.

उंच कमानीचा आणखी एक त्रास होता. बोटांच्या टोकावर उभे राहताना शरीराचा भार अंगठ्यावर येई. तिने आपल्या बुटांना चामड्याचा कडक तळ लावून घेतला आणि पुढचे टोक रुंद व टणक केले. ही फसवणूक आहे, असे काही सहकारी नर्तिका म्हणत. आजच्या बॅलेच्या बुटांची ठेवण पाहिली तर ही फसवणूक सगळ्या जगाने स्वीकारली असेच म्हणावे लागते.

१८९९ मध्ये ती पदवीधर झाली. वयोवृद्ध पेतिपाने स्वतः तिची जिझेलची भूमिका बसवून घेतली आणि १९०३ मध्ये ती त्या भूमिकेत उभी राहिली. १९०६ मध्ये तिला प्रमुख नर्तकीचा, म्हणजे प्राइमा बॅलेरिनाचा दर्जा मिळाला. याच काळात मिखाईल फोकिन या तिच्याच पिढीतल्या नर्तकाने कामी सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या चेलोवरील एका छोट्या रचनेवर तिच्यासाठी एक नृत्य बसविले. मरणोन्मुख राजहंसाचे हे नृत्य अवघ्या तीन-चार मिनिटांचे. त्यात उड्या नाहीत, गिरक्यांची आतषबाजी नाही. नर्तकी बोटांच्या टोकांवर अगदी बारीक पावले टाकीत पाण्यावरून सरकल्यासारखी येते, हात पंखांसारखे हलतात, थरथरतात, थकतात आणि शेवटी ती जमिनीवर मिटून जाते. कागदावर यात काहीच नाही. पाहणारे मात्र रडत. पावलोव्हा हे नृत्य जन्मभर नाचली, हजारो वेळा नाचली, आणि जगाने तिला त्या हंसाशीच कायमचे जोडून टाकले.

सम्राटाच्या नोकरीत पगार होता, निवृत्तिवेतन होते, चाहते होते. तरीही १९०८ पासून ती सुट्टीच्या काळात स्टॉकहोम, कोपनहेगन, बर्लिन असे दौरे करू लागली. १९०९ मध्ये सर्गेई दिआघिलेव्हने पॅरिसला नेलेल्या रशियन नर्तकसंचात ती होती. त्या हंगामाच्या भित्तिपत्रकावरही तिचेच चित्र होते. या दोघांचे जमले असते तर बॅलेचा इतिहास वेगळा झाला असता. पण पुढच्याच वर्षी फायरबर्ड या बॅलेसाठी तरुण स्त्राविन्स्कीने केलेले संगीत तिने ऐकले आणि त्यावर नाचण्यास नकार दिला. ती भूमिका तमारा कार्साविनाकडे गेली. दिआघिलेव्हकडे पुढे पिकासो, मातीस, रावेल यांच्यासारखे कलावंत आले आणि विसाव्या शतकातील आधुनिक कलेचे एक प्रमुख दालन तेथे उघडले. पावलोव्हा त्या दालनाबाहेरच राहिली.

ती गेली ती थेट लोकांत. १९१० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात तिचे अमेरिकेतील पहिले दर्शन घडले तेही रात्री उशिरा, आधीचा ऑपेरा संपल्यानंतर. त्याच वर्षी लंडनच्या पॅलेस थिएटरात ती मिखाईल मॉर्डकिनसोबत नाचली. पॅलेस हे विविधरंगी करमणुकीचे थिएटर. विनोदी गाणी आणि कसरती यांच्या मध्येच तिचा प्रवेश येई. मारिन्स्कीतल्या जाणकारांनी नाक मुरडावे असाच हा प्रकार. पण लंडनकरांनी रांगा लावल्या. १९१२ मध्ये तिने लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात आयव्ही हाउस हे घर घेतले. तेथील तळ्यात तिने राजहंस पाळले, त्यातल्या जॅक नावाच्या हंसाबरोबरची तिची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. आता तिचा स्वतःचा नर्तकसंच उभा राहिला होता आणि त्यात बहुसंख्य इंग्रज मुली होत्या. १९१३ मध्ये मारिन्स्कीशी असलेले नाते संपले. १९१४ नंतर ती मायदेशी कधीच गेली नाही. आधी महायुद्ध आड आले, नंतर क्रांती.

येथून पुढची सतरा वर्षे म्हणजे एक अखंड दौरा. मराठी वाचकाला याचे चित्र डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. पेटारे, पडदे, पोशाख, वाद्ये आणि माणसे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आपल्या संगीत नाटक मंडळ्या त्याच काळात रेल्वेने असाच प्रवास करीत होत्या. फरक इतकाच की पावलोव्हाच्या मंडळीचे मुक्काम मॉन्ट्रियल, ब्युनोस आयर्स, टोकियो, कैरो आणि सिडनी असे असत.

फिरतीच्या या संसारात चार अंकी शाही बॅले परवडणारा नव्हता. त्याला शेकडो नर्तक, मोठा वाद्यवृंद आणि सरकारी तिजोरी लागते. पावलोव्हाने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे छोट्या बॅलेंची संध्याकाळ. आधी एक-दोन लहान बॅले, मग मध्यंतर आणि त्यानंतर काही मिनिटांच्या सुट्या नृत्यांची मालिका, अशी तिच्या कार्यक्रमांची सर्वसाधारण मांडणी असे. द फेअरी डॉल या बॅलेत खेळण्यांच्या दुकानातल्या बाहुल्या जिवंत होतात. ऑटम लीव्हज ही तिची स्वतःची रचना शोपँच्या संगीतावर बेतलेली होती. शेवंतीचे एक फूल, त्याला उन्मळून टाकणारा वारा आणि झडणारी पाने एवढीच त्यातली कथा. स्नोफ्लेक्समध्ये नटक्रॅकरमधील हिमकणांचे नृत्य येई. सुट्या नृत्यांत ती कधी चतुर व्हायची, कधी फुलपाखरू, तर कधी कॅलिफोर्नियातील पॉपीचे फूल. या फुलाच्या नृत्यात तिच्या पोशाखाच्या पाकळ्या शेवटी मिटत जात. आणि मग चेलोचे सूर आणि राजहंस.

यातले काहीही समजण्यासाठी पूर्वतयारी लागत नव्हती. सहा वर्षांच्या मुलाला बाहुली कळत होती आणि साठ वर्षांच्या आजीला फूल. कंटाळा येण्याआधी पडदा पडत होता. बॅले कधीच न पाहिलेल्या गावात, सहकुटुंब आलेल्या प्रेक्षकांसमोर, याहून नेमकी रचना दुसरी कुठली असू शकली असती?

समीक्षकांचे मत मात्र असे नव्हते. तिच्या कार्यक्रमातले संगीत गोडगोड आणि सामान्य दर्जाचे आहे, नेपथ्य जुनाट आहे, तिच्याभोवतीचा संच तिच्या तोडीचा नाही, अशी टीका तिच्या हयातीत सतत होत राहिली. ती खोटी नव्हती. एवढ्या ताकदीच्या कलावतीने आपल्या काळातल्या नव्या संगीताकडे पाठ फिरविली, हा तिच्या कारकिर्दीतला उणेपणाच म्हटला पाहिजे. तिला गवसलेली छोटी चौकट कधी कधी तिच्यावरच उलटली. युद्धाच्या काळात एका अमेरिकन ऑपेरा कंपनीबरोबरच्या भागीदारीत तिला मोठा आर्थिक फटका बसला. पैसा उभा करण्यासाठी तिने द डम्ब गर्ल ऑफ पोर्तिची या मूकपटात मुक्या मुलीची भूमिका केली. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोमने तिला करारबद्ध केले. तेथील अवाढव्य खेळात हत्ती होते, बर्फावरचे स्केटिंग होते आणि मध्ये पावलोव्हाचा स्लीपिंग ब्यूटी. लेऑन बाक्स्टसारख्या चित्रकाराकडून तिने त्याचे नेपथ्य करून घेतले होते. मालकांना तो लांब वाटला. मग कात्री लागली, पुन्हा लागली आणि बॅलेचा एक तुकडाच तेवढा उरला. ज्या राजकन्येसाठी आठ वर्षांच्या मुलीने हट्ट धरला होता ती तिला अशी, हत्तींच्या रांगेत, वाट्याला आली. तरी तिने करार पूर्ण केला. नर्तकांचे पगार द्यायचे होते.

दक्षिण अमेरिकेचे दौरे त्यानंतरचे. लिमातला तो मुलगा तिला याच काळात भेटला, म्हणजे खरे तर भेटलाच नाही. अंधारात बसलेल्या प्रेक्षकांपैकी कोण काय घेऊन गेले, हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. १९१९ मध्ये मेक्सिकोत ती बैलांच्या झुंजींच्या आखाड्यातही नाचली. तेथील हाराबे तापातियो हे लोकनृत्य शिकून तिने ते बॅलेच्या बुटांत, बोटांच्या टोकांवर सादर केले. उच्चभ्रूंना गावंढळ वाटणारे आपले नृत्य एका जगप्रसिद्ध नर्तकीने उचलले, याचे मेक्सिकन प्रेक्षकांना केवढे अप्रूप वाटले असेल!

जिथे जाऊ तिथले नृत्य पाहायचे, ही तिची सवयच होती. १९२२ मध्ये जपानपासून सुरू झालेला तिचा आशियाचा दौरा त्या वर्षाअखेरीच्या सुमारास कलकत्ता आणि मुंबईला पोहोचला. येथे मात्र तिची निराशा झाली. मंदिरांतील नृत्यपरंपरेविषयी तिने ऐकले होते, पण ती दाखवायला कुणी पुढे येईना. त्या काळी सुशिक्षित समाजात देवदासींच्या नृत्याला प्रतिष्ठा नव्हती, उलट ते बंद पाडण्यासाठी चळवळ चालू होती.

लंडनला परतल्यावर तिला भारतीय विषयांवर काही करायचे होते. त्या वेळी तेथील रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये एक भारतीय तरुण चित्रकला शिकत होता. त्याआधी तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा विद्यार्थी होता. हा तरुण म्हणजे उदय शंकर. त्यांच्या साहाय्याने राधा-कृष्ण आणि हिंदू विवाह हे दोन छोटे बॅले उभे राहिले. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ते सादर झाले तेव्हा उदय शंकर कृष्ण होते आणि पावलोव्हा राधा. त्याच हंगामात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारित असा एक बॅलेही तिने आणला. तो इव्हान क्लुस्टीनने रचला होता आणि संगीत अलेक्झांडर चेरेपनिन याचे होते. या कृतींत भारत कितपत होता, हा प्रश्न विचारायला हवा. अजिंठ्याच्या बॅलेतली नृत्यभाषा युरोपीयच होती आणि उदय शंकर यांचेही तोवर कुठल्याही शास्त्रीय नृत्याचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. पण अमेरिकेच्या दौऱ्यात तिच्यासोबत फिरलेल्या या तरुणाला तिने बॅलेकडे ओढले नाही. आपल्या देशाच्या नृत्याचा शोध घे, असाच तिचा आग्रह राहिला. उदय शंकर यांनी कुंचला बाजूला ठेवला तो कायमचा.

१९२८ मध्ये ती पुन्हा मुंबईत आली. प्रेक्षकांत थिऑसॉफिकल सोसायटीचे जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी होत्या. पुढे ऑस्ट्रेलियाला जाताना अरुंडेल दांपत्य आणि पावलोव्हाचा संच योगायोगाने एकाच बोटीवर होते. रुक्मिणीदेवींना बॅले शिकण्याची इच्छा झाली. पावलोव्हाने आपल्या संचातील क्लिओ नॉर्डी या नर्तिकेला त्यांना शिकवायला सांगितले, पण त्याचबरोबर रुक्मिणीदेवींना स्वतःच्या देशातील नृत्याकडे वळण्याचा सल्लाही दिला. रुक्मिणीदेवी नंतर मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे नृत्य शिकल्या, १९३५ मध्ये अड्यारला लोकांसमोर नाचल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्राची पायाभरणी केली. मुंबईत राहून कथकला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मादाम मेनका, म्हणजे लीला सोखे, यांनाही पावलोव्हाच्या प्रोत्साहनाचे बळ मिळाले होते. अर्थात भारतीय नृत्याच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय एका परदेशी पाहुणीच्या पदरात टाकण्याचा मोह टाळावा. ज्यांनी अवहेलना सोसून ही विद्या घराघरांत जपली ते नट्टुवनार आणि त्या देवदासी नसत्या, तर सल्ला ऐकून वळायचे तरी कुणाकडे?

या साऱ्या भ्रमंतीत तिचे स्वतःचे आयुष्य मागेच राहिले. व्हिक्टर दान्द्रे तिचा व्यवस्थापक आणि सहचर होता. तिचा विवाह झाला होता की नाही हे जगाला तिने कधी नीट कळू दिले नाही. आपण गुपचूप लग्न केल्याचे दान्द्रेने तिच्या मृत्यूनंतर सांगितले. मूल नव्हते. पॅरिसजवळ सँ-क्लू येथे रशियन निर्वासितांच्या अनाथ मुलींसाठी तिने एक वसतिगृह उभारले होते आणि त्याचा खर्च दौऱ्यांच्या कमाईतून चाले. आयव्ही हाउसमध्ये ती वर्षातून थोडेच आठवडे राहत असे. १९२४ मध्ये हॉलिवूडला डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओत तिची काही नृत्ये चित्रित झाली. आज तिला पाहायचे तर ही थरथरती, आवाज नसलेली दृश्येच आधाराला आहेत. त्यातही हंसाचे हात मात्र ओळखू येतात.

चाळिशी उलटून गेली, गुडघा दुखू लागला, तरी दौरे थांबले नाहीत. १९३१ च्या जानेवारीत फ्रान्सच्या दक्षिणेकडील विश्रांती संपवून ती नव्या दौऱ्यासाठी निघाली होती. दिजाँजवळ वाटेतल्या अपघातामुळे गाडी अडकून पडली आणि काय झाले ते पाहायला ती अपुऱ्या कपड्यांत कडाक्याच्या थंडीत बाहेर पडली, असे सांगितले जाते. हॉलंडमध्ये हेग येथे पोहोचेपर्यंत ताप भरला होता. फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आली होती. शस्त्रक्रिया केली तर पुन्हा नाचता येणार नाही, हे कळल्यावर तिने ती नाकारल्याचीही कथा आहे. २३ जानेवारी १९३१ रोजी हेगच्या ओतेल दे झँद या हॉटेलात तिचा मृत्यू झाला. पन्नासावा वाढदिवस वीस दिवसांवर होता. शेवटच्या क्षणी तिने हंसाचा पोशाख मागितला, असे सांगतात. खरे-खोटे कोण ठरवणार?

त्यानंतर लंडनमध्ये एका बॅलेच्या कार्यक्रमात वाद्यवृंदाने हंसाची ती धून वाजविली. पडदा वर गेला. काळोखी रंगमंचावर कुणीच नव्हते. प्रकाशझोत मात्र ती जिथून जिथून सरकत असे तेथून फिरत राहिला आणि प्रेक्षक उभे राहिले.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आजही घरोघरी पावलोव्हा केली जाते. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा हलका, कुरकुरीत गोड थर आणि त्यावर साय व फळे. हा पदार्थ आधी कुणी केला यावरून दोन्ही देशांत जुना वाद आहे, पण नाव कुणाचे याबद्दल नाही.

तिच्या अस्थी लंडनच्या गोल्डर्स ग्रीन स्मशानभूमीत, आयव्ही हाउसपासून जवळच ठेवल्या आहेत. १९४४ मध्ये दान्द्रे वारल्यावर त्याच्याही तिथेच आल्या. सोव्हिएत राजवट गेल्यानंतर तिला मायदेशी नेण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि २००० च्या सुमारास मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमीत तिच्या अस्थी पुरण्याची तयारीही झाली होती. परवानगी मिळाली, मग वाद झाला, मग ती मागे घेतली गेली. हा एक प्रवास मात्र झाला नाही.